चेंडू हातात नसताना काय खेळायचं? बास्केट न टाकता संघात जागा मिळवण्याची वाट

बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. कोर्टवर माणसं १०, चेंडू एक. सगळ्यांच्या हातात तो सारखाच वेळ राहिला असं धरलं, तरी एकेकाच्या वाट्याला ४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा पॉइंट गार्डकडे (चेंडू पुढे आणून खेळ मांडणाऱ्या खेळाडूकडे) जातो, म्हणजे तुमच्याकडे उरतात दोन-तीन मिनिटं. सरावाला मात्र आपण सगळे काय करतो? तासभर शॉट. ज्या ३६ मिनिटांत चेंडू आपल्याकडे नसतो, त्यांची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही.

मीही करत नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी निवड चाचणीत माझे शॉट बऱ्यापैकी पडले, तरी नाव यादीत आलं नाही. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शॉट टाकणाऱ्या चौघी आहेत माझ्याकडे. बाकीचं कोण करणार?" हे ‘बाकीचं’ म्हणजे काय, ते समजायला मला वर्ष लागलं. पुढच्या वर्षी मी संघात आले आणि नंतर सात वर्षं, कॉलेज आणि क्लब मिळून, बहुतेक वेळा सहावी किंवा सातवी खेळाडू म्हणून खेळले. आता संध्याकाळी मुलींना शिकवते. संघाच्या १२ जणांत नाव आलंय पण बेंचवर बसायला लागतंय, किंवा नाव यावं म्हणून धडपड चाललीय, अशांसाठी हे लिहितेय. माझं ते एक वर्ष तुमचं जायला नको.

१. संघाचं गळतंय कुठे ते आधी शोधा

पहिले दोन सामने बेंचवरून बघायला मिळाले तर ती संधी समजा. बॉलकडे बघू नका. बॉलपासून लांब असलेल्या बाजूला काय चाललंय ते बघा आणि प्रत्येक वेळी समोरच्यांची बास्केट झाली की एकच प्रश्न विचारा: ही झाली कशी? आमच्या संघाचं उत्तर दोन सामन्यांत स्पष्ट झालं. समोरच्यांचा पहिला शॉट चुकायचा, पण रिबाउंड, म्हणजे चुकून उडालेला बॉल, त्यांनाच मिळायचा आणि दुसरा शॉट पडायचा. अंगाने आडवं कोणी उभंच राहत नव्हतं. ते काम मी घेतलं.

तुमच्या संघाचं गळणं वेगळं असेल. कदाचित कोणी बोलत नसेल, कदाचित मुख्य शूटरला मोकळं करायला कोणी स्क्रीन देत नसेल, म्हणजे तिच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहत नसेल. ते सापडलं की कोचकडे जा. पण "सर, मला कधी खेळवणार?" असं विचारू नका. "सर, मी कोणतं एक काम शिकून येऊ?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "बघू" हेच उत्तर मिळतं. दुसऱ्या प्रश्नाने तुम्ही कोचच्या डोक्यात एका कामाच्या नावाने बसता, आणि सामन्यात ते काम निघालं की मान तुमच्याकडे वळते.

हे फक्त आपल्या पातळीवर चालतं असं समजू नका. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २०१४-१५ मोसमात गोल्डन स्टेट वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला साखळीतले सगळे सामने बेंचवरून येऊन खेळला. अंतिम फेरीत संघ १-२ असा मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात त्याला पहिल्या पाचांत घेतलं, मुख्य काम लेब्रॉन जेम्सला अडवण्याचं. संघाने तिथून सलग तीन सामने जिंकून विजेतेपद मिळवलं आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला.

२. सामान आणि कागद

हा भाग पटकन आटपते, पण वगळू नका. निवड चाचणीच्या दिवशी कागदांमुळे परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

- जन्मदाखला, आधार कार्ड, शाळा किंवा कॉलेजचं बोनाफाईड, पासपोर्ट आकाराचे फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स एका फाइलमध्ये.
- घोट्याला धरून ठेवणारे आणि तळ न झिजलेले शूज. सिमेंटवर तळ लवकर गुळगुळीत होतो.
- गुडघ्याचे पॅड, चिकटपट्टी, दोन जोड मोजे.
- एक छोटी वही आणि पेन. ही सगळ्यात महत्त्वाची, कशाला ते पुढे येईल.

फसण्याची जागा: शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि वयाचा पुरावा काटेकोर तपासतात. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचाही फरक असेल तर तो जूनमध्येच दुरुस्त करून घ्या. स्पर्धेच्या आठवड्यात ते होत नाही.

३. बॉक्स आउट: इथे जास्त वेळ द्या

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका: शॉट सुटल्यावर समोरच्या खेळाडूला अंगाने अडवून रिंगपासून लांब ठेवणं. उंची लागत नाही, नेम लागत नाही, वर्षानुवर्षांचा सराव लागत नाही. लागतं ते लक्ष.

शॉट सुटला की नव्या खेळाडूचं तोंड आपोआप वर जातं. बॉल हवेत कसा जातोय ते बघत ती उभी राहते आणि तेवढ्यात तिची प्रतिस्पर्धी बाजूने सरकून रिंगखाली पोचते. ही सवय मोडायची. शॉट सुटल्यावर पहिली नजर बॉलवर नाही, आपल्या माणसावर. ती कुठे आहे ते बघा, एक पाऊल तिच्याकडे टाका, कोपरापासूनचा हात तिच्या अंगाला टेकवून ती कुठल्या बाजूला निघालीय ते जाणून घ्या, मग पायावर वळून तिला पाठीवर घ्या. बूड खाली, पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, कोपरं बाजूला, पंजे वर. आता बॉलकडे बघा.

आमच्याकडे नववीतली एक बारीक मुलगी होती. एका सराव सामन्यात तिच्यासमोर तिच्याहून वीतभर उंच मुलगी आली. पूर्ण सामन्यात आमच्या पोरीच्या हाताला एकही रिबाउंड लागला नाही. पण दर वेळी ती उंच मुलगी तिच्या पाठीमागे अडकलेली, बॉल दोघींच्या पुढे जमिनीवर टप्पा घेतोय आणि आमची गार्ड तो आरामात उचलून पळतेय. शेवटी ती उंच मुलगी वैतागून ढकलायला लागली आणि तिच्यावर दोन फाउल बसले. कागदावर त्या दिवशीचे रिबाउंड गार्डचे. मिळवून दिले कोणी, हे कोर्टवरच्या सगळ्यांना कळलं होतं.

एक बॉक्स आउट चुकला तर काय होतं? समोरच्यांचा शॉट रिंगला लागून रिबाउंड त्यांनाच मिळाला की त्यांना आक्रमणासाठी पुन्हा १४ सेकंद मिळतात. तुमचा संघ आधीच २० सेकंद धावून डिफेन्स करून दमलेला असतो. सामन्यात असं आठ-दहा वेळा झालं तर चौथ्या क्वार्टरला पाय उचलत नाहीत.

सराव असा करा. सिमेंटवर खडूने दोन-अडीच मीटरचं वर्तुळ काढा, मध्ये बॉल ठेवा. तिघी आत पाठ करून, तिघी बाहेर. शिट्टी झाली की बाहेरच्यांनी बॉलला हात लावायला यायचं, आतल्यांनी ५ सेकंद येऊ द्यायचं नाही. रोज दहा वेळा.

चुका ठरलेल्या असतात. एक, हाताने मागे धरून ठेवणं. तो फाउल आहे. दोन, रिंगच्या अगदी खाली जाऊन उभं राहणं. तिथे फक्त बास्केटमधून पडणारा बॉल मिळतो, चुकलेला डोक्यावरून जातो. रिंगपासून दोन-तीन पावलं बाहेरच अडवा. आणि लांबून मारलेला शॉट लांब उडतो, कोपऱ्यातून मारलेला बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, हे लक्षात ठेवून जागा घ्या.

डेनिस रॉडमन १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात मोसम एनबीएमध्ये दर सामन्यामागे सर्वांत जास्त रिबाउंड घेणारा खेळाडू होता. उंची ६ फूट ७ इंच, म्हणजे त्याच्याशी झुंजणाऱ्या बऱ्याच सेंटरपेक्षा (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंपेक्षा) कमी. कोणाचा शॉट कसा फिरतो, रिंगला कुठे लागून कुठे उडतो, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. तुम्हीही आपल्या संघातल्या तीन मुख्य शूटरचे चुकलेले शॉट आठवडाभर बघा. प्रत्येकीची चूक ठरावीक बाजूला जाते.

४. तोंड उघडा

आपल्याकडच्या मुलामुलींना हे सगळ्यात जड जातं. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हे घरातून अंगात मुरलेलं असतं. बारावीतल्या ताईला "उजवीकडे स्क्रीन!" म्हणून ओरडायचं म्हणजे नववीतल्या मुलीचा घसा सुकतो. आमच्या कोर्टवर म्हणून नियम आहे: रेषेच्या आत ताई नाही, दादा नाही. दोन अक्षरी हाक ठरवायची आणि तीच मारायची. रेषेबाहेर आल्यावर परत ताई.

काय बोलायचं ते आधीच ठरवा, नाहीतर ऐनवेळी नुसतं "अगं अगं" निघतं. "बॉल माझा", "हेल्प आहे", "स्क्रीन लेफ्ट", "स्विच" (आपापली माणसं बदलू), "कटर" (कोणीतरी रिंगकडे धावतंय), "शॉट". एवढे सहा शब्द पुरतात. "स्क्रीन लेफ्ट" स्क्रीन लागायच्या आधी ऐकू आलं पाहिजे. धडकल्यावर सांगून उपयोग नाही. आणि "हेल्प आहे" म्हटलं तर खरोखर मदतीला जा. एकदा फसवलं की तुमच्या आवाजावर पुढे कोणी विसंबत नाही.

५. आपल्या माणसाइतकंच बॉलवरही लक्ष: हेल्प डिफेन्स

नवा खेळाडू डिफेन्सला आपल्या माणसाला चिकटून राहतो आणि समजतो की माझ्या माणसाने बास्केट केली नाही, माझं काम झालं. शेजारून बॉल घेऊन कोणी सरळ रिंगकडे घुसलं तरी तो हलत नाही.

बॉल, तुम्ही आणि तुमचा माणूस यांचा एक पसरट त्रिकोण डोक्यात ठेवा. बॉल तुमच्या माणसापासून एका पासवर असेल तर पास तोडता येईल इतके जवळ राहा. दोन पास लांब असेल तर एक पाय पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीत) ठेवा, एक हात बॉलकडे, दुसरा आपल्या माणसाकडे. टीव्हीवर एनबीए बघणारी मुलं इथे गोंधळतात, कारण तिथे डिफेन्सलाही पेंटमध्ये ३ सेकंदांचं बंधन आहे. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. फिबात ते बंधन फक्त आक्रमण करणाऱ्यांना आहे.

मदत करून परत आपल्या माणसाकडे धावताना पूर्ण वेगाने अंगावर जाऊ नका, ती एका ड्रिबलमध्ये तुम्हाला टाकून जाईल. शेवटची दोन-तीन पावलं छोटी करा, बूड खाली, एक हात वर.

हा वर केलेला हात फार जपून वापरा. एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिए हा स्वतः फारसे गुण न करता संघाला सावरणारा खेळाडू म्हणून ओळखला जायचा. शूटरचा शॉट अडवायला जाण्याऐवजी तो हात त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा. ते बघून शिकायला गेलात तर अडचणीत याल, कारण डोळ्यांजवळ हात नेऊन प्रतिस्पर्ध्याची नजर अडवणं हा फिबाच्या नियमात टेक्निकल फाउल (धक्क्याचा नाही, गैरवर्तनाचा) आहे. हात सरळ वर, बॉलच्या दिशेने. तसंच एनबीएत खेळाडू सहाव्या फाउलला बाहेर जातो, आपल्याकडे पाचव्याला. आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक डिफेन्स फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. तेव्हा मधल्या कोर्टवर उगाच हात मारू नका.

६. स्क्रीन द्या

शूटरची डिफेंडर अडकावी म्हणून तिच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, एवढंच हे काम आहे. धावत या, दोन्ही पायांवर थांबा, हात छातीवर आडवे घ्या, आणि धक्का लागेपर्यंत हलू नका. पंचांची शिट्टी बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी बाहेर काढलेल्या कुल्ल्यावर किंवा गुडघ्यावर वाजते. समोरच्या खेळाडूला तुम्ही दिसत नसाल, म्हणजे तिच्या पाठीमागे उभ्या असाल, तर तिला एक साधं पाऊल टाकता येईल इतकी जागा सोडावी लागते.

शूटर लवकर निघाली तर स्क्रीन वाया जातो. म्हणून सरावात तिच्याशी बोलून घ्या: तिचा खांदा तुमच्या खांद्याला घासून गेला पाहिजे. मध्ये हवा राहिली तर डिफेंडरही तिथूनच जाते. आणि स्क्रीन लागल्यावर बघत उभ्या राहू नका, बॉलकडे तोंड करून रिंगकडे वळा. दोन्ही डिफेंडर शूटरमागे गेल्या तर तुम्ही मोकळ्या असता. माझ्या सगळ्यात सोप्या बास्केट अशाच मिळालेल्या आहेत.

७. बॉल आलाच तर

आधी ठरवून ठेवा: शॉट, पास की ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे घुसणं). बॉल धरून इकडेतिकडे बघत राहिलात की मोकळी झालेली मैत्रीण परत झाकली जाते. तुमच्याकडे बरा शॉट असेल आणि शेजारी त्याहून बरा असेल तर लगेच पास द्या. हा पास देणाऱ्याच्या नावावर बऱ्याचदा काहीच लागत नाही, कधीकधी असिस्टही (ज्या पासवर बास्केट झाली त्याची नोंद) पुढच्या मुलीच्या नावावर जातो.

पण उलटी चूकही तितकीच घातक आहे आणि ती मी दोन मोसम केली. मी शॉटच घ्यायचे नाही. मला वाटायचं, ही नम्रता आहे. झालं काय, तर माझी डिफेंडर मला सोडून सरळ पेंटमध्ये जाऊन उभी राहायची आणि आमच्या मुख्य खेळाडूला घुसायला वाट राहायची नाही. म्हणून कोर्टवरची एक जागा आपली करा. कोपऱ्यातून, एंड लाइनजवळून, रिंगपासून चार-पाच मीटरवरून रोज ५० शॉट. तिथे मोकळ्या असाल तर मारायचाच. तीन गुणांची रेषा नंतर बघू.

८. चार्ज घेणं: शिकल्याशिवाय नको

बॉल घेऊन घुसणाऱ्या खेळाडूच्या वाटेत आधी पोचून, तिच्याकडे तोंड करून, छातीवर धडक घ्यायची. फाउल तिच्यावर, बॉल आपला. संघाला यासारखी उभारी क्वचितच दुसऱ्या कशाने येते.

पण पडायचं कसं ते गादीवर शिका, सिमेंटवर नाही. हनुवटी छातीला, हात छातीवर, बुडावर पडून मागे घसरायचं. मी पडताना हात मागे टेकवला होता. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, आणि तो मोसम गेला. लहान मुलांच्या पालकांना सांगते, कोच गादीशिवाय हे शिकवत असतील तर स्पष्ट नाही म्हणा.

रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं. त्याच्या आत उभं राहून चार्ज मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाहेरच्या कोर्टवर ते रंगवलेलंच नसतं, म्हणून सामन्याआधी कॅप्टनकरवी पंचांना विचारून घ्या. धक्का न लागता पडण्याचं नाटक करू नका. टेक्निकल फाउल बसू शकतो, आणि पुढे खरा धक्का लागला तरी पंच शिट्टी वाजवत नाहीत.

९. वही

जिल्हा पातळीच्या सामन्यात टेबलावर जी स्कोअरशीट भरतात तिच्यात गुण, फाउल, टाइमआउट असतात. रिबाउंडला रकाना नसतो, स्क्रीनला तर नाहीच. म्हणून तुमची नोंद तुम्हालाच ठेवायला हवी. बेंचवरच्या मैत्रिणीला वही द्या आणि काड्या मारायला सांगा: बॉक्स आउट केले किती, सोडले किती. शॉट निघाला असे स्क्रीन. बॉलला लागलेला हात. हेल्पला वेळेत पोचले, उशिरा पोचले. शेवटच्या पासच्या आधीचा पास.

त्याशिवाय तुम्ही आत गेलात तेव्हाचा आणि बाहेर आलात तेव्हाचा स्कोअर लिहा. ३१-३५ असताना आत गेलात, ४४-४१ असताना बाहेर आलात, म्हणजे तुम्ही असताना आपले १३ झाले आणि त्यांचे ६. अधिक ७. याला प्लस-मायनस म्हणतात. एका सामन्याच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका, कारण सोबतच्या चौघींचा खेळही त्यातच मोजलेला असतो. सात-आठ सामने झाले की त्यात काहीतरी दिसायला लागतं. माझी वही मी तिसऱ्या मोसमात सरांना दाखवली. त्यांनी बसून सगळी पानं उलटली आणि सोडलेल्या बॉक्स आउटच्या काड्यांवर बोट ठेवून विचारलं, "या सगळ्या दुसऱ्या क्वार्टरमधल्या का?" तेव्हा कळलं की मला वॉर्म-अप कमी पडतोय.

१०. बेंचवरून आत जाताना

बेंचवर पाय पसरून बसू नका, अंग थंड पडतं. दर टाइमआउटला उभ्या राहा, गुडघे उचला, घोटे फिरवा. आपण ज्या मुलीच्या जागी जाण्याची शक्यता आहे तिच्यासमोरच्या खेळाडूवर नजर ठेवा: ड्रिबल कोणत्या हाताने, थांबते कुठे, दमलीय का.

कोचने हाक मारली की जर्सी आत खोचा, कानातलं आणि बांगडी आधीच काढून ठेवलेली असू द्या, स्वतः टेबलाकडे जाऊन बदली सांगा आणि पंच बोलवेपर्यंत थांबा. परवानगीशिवाय आत पळत गेलेल्या मुली दर स्पर्धेत दिसतात. टेबलाजवळ उभ्या असतानाच दोन गोष्टी बघून घ्या: आपल्या संघाचे या क्वार्टरमध्ये किती फाउल झालेत, आणि शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला उरलेला वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद आहेत.

मग बाहेर येणारी मुलगी तुमच्यासमोरून जाईल. तिला टाळी द्या आणि विचारा, "तुझी कोण?" ती एक नंबर सांगेल. तो नंबर शोधत आत जा.